सुपडूभाऊंचा आरसा

धुळ्याचं काळं सांडपाणी चाळून, त्यात हवा खेळवून, गाळ खाली बसवून शेवटच्या टाकीत आलं, की सुपडूभाऊ कठड्यावरून वाकून त्यात आपलं तोंड बघत. पाणी तपासायला प्रयोगशाळा होती. पण मिशा दिसल्याशिवाय पाणी नदीत सोडायचं नाही, हा भाऊंचा स्वतःचा नेम.

"खालच्या गावात माझी बहीण राहते," ते हसत सांगत. "तिला घाण पाठवू का?"

त्या सकाळी पाणी सोडून झाल्यावर ते चहा घेत सहज वाकले. टाकीत आभाळ होतं, कठड्यावरचा कावळा होता, हातातला चहाचा पेलाही होता.

पेला धरणारं कोणी नव्हतं.

भाऊंनी डोळे चोळले. पेला तसाच अधांतरी.

तेवढ्यात बहिणीचा, कुंदाबाईचा, नदीकाठावरून फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

"भाऊ, आज पानी आरसासारखं शे! तुना चेहरा दिसस माले, मिशीसगट!"

"मस्करी करस का, कुंदा?" भाऊ कसनुसं हसले.

"नही ना! तू बी हसी राह्यना." ती खिदळली. "आते तर पानीमातून हात काढी राह्यना तू. धरू का?"