जमनीचा नवस

महिनाही न झालेलं लेकरू रात्रंदिवस रडायचं. सून वर्षा बसल्या जागी पेंगायची आणि तिची सासू जमनी त्याला खांद्यावर घेऊन तांडाभर फिरून फिरून पार गळून गेली होती. शेवटी तिनं देवीपुढं पदर पसरला, "याडी, माय माही, माह्या नातवाले शांत कर. नारळ फोडीन, उपास धरीन."

मंगळवारी लेकरू खरंच निजलं, ते दुधालाही उठेना. नारळ फोडून, प्रसाद घेऊन जमनी घरी आली, तर बाळाच्या तपासणीला आलेल्या आरोग्याच्या आशाताई त्याचं झबलं वर करून छातीकडं बघत बसलेल्या.

"हळू वं ताई, आत्ता कुठं निजलं."

"हे निजणं नोहे, आजी. पाय थंडगार पडले, दूध ओढून नाही राह्यलं, श्वास घेताना छाती आत जाते. अंगात जंतू भिनले दिसते. आत्ताच्या आत्ता यवतमाळले न्या लागते."

प्रसाद तसाच मुठीत राहिला. दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली आणि दाराबाहेर, उपाशीपोटी, जमनी देवीला विनवत राहिली, "चुकलं माय माहं. रडव त्याले."

पुढच्या आठवड्यात बाळ आईच्या कुशीत दिलं, तेव्हा त्यानं असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरची बाई वैतागली, "अवं, चूप करा ना त्याले! डोळ्याले डोळा नाही लागून राह्यला."

जमनीनं थकलेले हात जोडले.


"राहू द्या, बाई. नवसाचं रडणं हाय."