पांढरी रेघ

"अजून थोडी वर घे," फिटर गाडीखालून म्हणाला, आणि पेंटरने जॅकचा दांडा दाबला.

गाडी कसली, नुसता सांगाडा. भंगाराच्या आवारात कोपऱ्यात पडून होती. पुढचा भाग चेपून आत गेलेला, मागचा मात्र जवळजवळ जसाच्या तसा. उद्या ती मशिनीत जाऊन तिचा ठोकळा होणार होता. आवाराच्या मालकाने ओळखीखातर निरोप धाडला होता, "बघायची असेल तर आजच बघून घ्या." तरी फिटर येतच नव्हता. पेंटरने त्याला अक्षरशः ओढून आणलं.

दोघांची दुकानं शेजारी-शेजारी. एक गाड्यांखाली, दुसरा गाड्यांवर. पेंटर एकटाच दोघांच्या वाटणीचं बोलायचा, आणि आज तर त्याची बडबड थांबत नव्हती, कारण गप्प राहिला असता तर त्याला रडू आलं असतं. फिटरचा एकुलता एक मुलगा याच गाडीत गेला होता. तळ्याच्या वळणावर, भरदिवसा, कोरड्या रस्त्यावर, समोर चिटपाखरू नसताना.

तपासनीसाने ब्रेक आणि स्टिअरिंग ठीक असल्याचं सांगितलं होतं. बाहेरून बसवलेल्या सामानाबद्दल मात्र त्याला काही सांगता येईना. ते सामान फिटरने स्वतः बसवलेलं. मग काय, सगळं खापर त्याच्यावर फुटलं. सगळ्यांत आधी बायकोने फोडलं. "तुमच्या हातानं गेला माझा मुलगा," ती उठता-बसता म्हणायची.

फिटरने एकदाही नाही म्हटलं नाही. उलट कुणी विचारायच्या आतच तो सांगायचा, "बहुतेक बोल्टांचं शेवटचं कसणं राहिलं माझं." पेंटरला याचाच संताप यायचा. एवढा कसबी माणूस, आणि स्वतःची बाजू मांडायला तोंड उघडत नाही!

नोकरी गेल्यापासून मुलगा खोलीचं दार लावून पडून असायचा. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. आईने समजावलं, रागावली, शेवटी हात टेकले. फिटरला समजावणं कधी जमलंच नव्हतं. त्याला येत होतं ते काम. एके दिवशी तो आखूड स्प्रिंगा आणि मागच्या चाकांसाठी स्वे बार घेऊन आला आणि दारावर थाप मारून म्हणाला, "चल, तुझी गाडी खाली बसवू."

कॉलेजात असल्यापासून पोरगं यासाठी मागे लागलं होतं. तेव्हा फिटर म्हणायचा, "चांगली गाडी नेऊन जमिनीला घासायची, हे कसलं खूळ?"

दार उघडलं. दिवसभर बाप-लेक गाडीखाली होते. जुन्या स्प्रिंगा निघाल्या, आखूड बसल्या, आणि वळणावर गाडीला झुकू न देणारा तो जाड दांडा आडवा चढला. मुलगा हसलासुद्धा. संध्याकाळी त्याने प्रत्येक पाना पुसून जागच्या जागी अडकवला, जे त्याने जन्मात केलं नव्हतं. पोटभर जेवला. आईपाशी गप्पा मारत बसला. पोरगं माणसांत आलं म्हणून ती माउली आनंदाने रडली. सकाळी त्याने गाडी बाहेर काढली, ती कायमचीच.

"दिसतंय का काही?" पेंटरने विचारलं.

"चिखल आहे."

स्वे बारचे बोल्ट गाडी अधांतरी असताना नुसते बेताचे आवळायचे असतात. गाडी चाकांवर उतरली, तिचं वजन खाली आलं, की मगच शेवटचं कसायचं. कसणं राहिलं, तर बोल्ट सैल होत जातो, ऐन वळणावर दांडा सुटतो आणि गाडी हातात राहत नाही. कसून झालं की फिटर बोल्टवरून शेजारच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढायचा; बोल्ट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटते. "हा बोल्टांची वेणीफणी करतो," अशी गल्लीत त्याची चेष्टा व्हायची. त्या दिवशी ऐन शेवटी मुलाने चहाला हाक मारली होती, आणि रेघा ओढल्या की नाही, हे फिटरला काही केल्या आठवत नव्हतं.

त्याने फडक्याने चिखल पुसला. पेंटरही जमिनीवर आडवा होऊन बघू लागला.

पहिल्या बोल्टवर रेघ होती. दुसऱ्यावर होती. तिसऱ्यावर, चौथ्यावर. अखंड, सरळ, केसभरही न सरकलेली.

"सुटलास!" पेंटर ओरडला. "अरे, सुटलास लेका! तुझी काही चूक नाही!"

फिटरने खिशातून पाना काढला आणि एकेका बोल्टला लावून पाहिला. एकही हलला नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"पुरे की आता," पेंटर म्हणाला. "स्वतःच्या हातावर तरी विश्वास ठेव."

परतताना पेंटरने त्याला घरापर्यंत सोडलं. "मी येतो वर. वहिनींना मीच सांगतो."

"नको. मी सांगतो. आणि तू यातलं काही बोलू नकोस तिच्याजवळ. कधीच."

बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. तिने वळून पाहिलं नाही. "बघितलंत?"

"हो."

"मग?"

तो मोरीपाशी जाऊन हात धुऊ लागला. खूप वेळ धूत राहिला.

"सैल होते," तो म्हणाला. "कसायचे राहिले होते. माझीच चूक."

आता ती तोंडाला येईल ते बोलणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. ती आली. त्याचे ओले हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतले, कपाळाला लावले आणि हमसून हमसून रडू लागली.

"म्हणजे तो आपणहून नाही गेला," ती म्हणाली.