पहिली मूठ

बायको गेल्यापासून त्याला बागेतली कबुतरं डोळ्यांसमोर नको असायची. तळ्याकाठचा त्या दोघांचा बाक विष्ठेनं पांढरा झाला होता. तरी रोज फिरायला येणाऱ्या मंडळींनी हट्टानं बोलावलं, म्हणून तो आज गेला.

"नाकाला रुमाल कसला लावताय, दादा? तुमच्याच घरचं कार्य आहे!" मंडळींचा म्होरक्या हसत म्हणाला आणि त्यानं नव्या चौथऱ्यावरचं कापड ओढलं. "वहिनी न चुकता कबुतरांना दाणे घालायच्या. म्हणून हा त्यांच्या नावाचा चौथरा. घाला, पहिली मूठ तुमची."

टाळ्या वाजल्या. पायाशी कबुतरांचा थवा उतरला.



दाण्यांची मूठ आवळून तो म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिची फुप्फुसं कबुतरांच्या विष्ठेनंच खाल्ली."