एकेचाळीस नंबरचा माणूस

"थांबव," इज्जा म्हणाली. मोहाने रिमोट दाबला.

पडद्यावर एक ग्रह मरत होता. राखेच्या वावटळीतून माणसांची रांग यानात चढत होती. सगळ्यांच्या तोंडाला फडकी, डोळ्यांवर काळे चष्मे. रांगेतला चौथा तेवढा मागे वळून बघत होता. त्याच्या दंडावर एकेचाळीस आकडा होता.

"हा माझा बासू," इज्जा म्हणाली. "आता बोल, सादिया."

सादिया नाडोरच्या बंदरातून दोन बस बदलून आली होती. समुद्रात बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांची एक संघटना होती, तिचं काम ती करायची. चहाच्या तबकाशेजारी तिने एक बंद नळी ठेवली होती. नळीत कापूस लावलेली काडी.

"गालाच्या आतून फिरवायची, एवढंच. नाडोरहून स्पेनला निघून बुडालेल्या त्या बोटीतली सतरा माणसं नुसत्या नंबरावर पुरली आहेत, ताई. कुणाशी डीएनए जुळतो का बघायचं."

"बोट बुडाली मंगळवारी. हे शूटिंग बुधवारचं. मंगळवारी बुडालेला पोरगा बुधवारी यानात कसा चढेल?"



हद्दूकाकांनी चहाचा घोट घेतला. ते इज्जाचे दीर. आजवर अकरा सिनेमांत मेले होते. तलवारीने, सापाने, एकदा वरून पडलेल्या उपग्रहाखाली. वरझाझातमध्ये परदेशी सिनेमांची शूटिंगं चालतात आणि गर्दीत गावचीच माणसं उभी राहतात; तिथे सिनेमा चांगला की वाईट हे आपलं माणूस त्यात किती झकास मेलं यावर ठरतं.

"मला किरणांनी जाळलं, तो सिनेमा खरा," ते म्हणाले. "तीन सेकंद पडद्यावर मी एकटा! यात काय आहे? नुसतं चढायचं. कुणी मरतच नाही."

"म्हणूनच चांगला आहे तो," इज्जा म्हणाली.

"पण लोक बोलतात ते याच्याबद्दलच," सादिया म्हणाली. "माझी मुलगी इथे दर वेळी रडते. बाकीची गोष्ट तिला आठवतसुद्धा नाही. म्हणते, सोडून चाललेल्या ग्रहाकडे एकाने असं वळून बघावं, हे दिग्दर्शकाला सुचलं कसं?"

इज्जा हसली. "त्याला कुठलं सुचतंय! वळायची सक्त मनाई होती. मी दोरीच्या अलीकडे रोट्या घेऊन उभी होते. तीन दिवस पोरगा तंबूत राहतोय, काय खात असेल, म्हणून गेले. चढताना दिसला आणि राहवलं नाही. 'बासू!' म्हणून ओरडले. वळला! मुकादमाने मला रोट्यांसकट हाकललं. हजेरीच्या वहीत बुधवारची त्याची सहीसुद्धा आहे. तो स्पेनमध्ये कुठेतरी आहे, सादिया. दोन वर्षं झाली. रुसलाय माझ्यावर. काडी घेऊन जा तुझी."

सादियाने नळी पिशवीत टाकली आणि बेपत्ता माणसांची यादी काढली. "मग बासूचं नाव खोडते. एकदा खोडलं की पुन्हा कुणी विचारायला येणार नाही."

"खोड."

मोहाच्या हातात अजून रिमोट होता. तो बासूचा लहानपणापासूनचा मित्र. दर शुक्रवारी कुसकुस खाऊन झालं की इज्जाला हा सिनेमा तोच लावून द्यायचा. या जागी आला की खाली बघत बसायचा. इज्जाला वाटायचं, मित्राची आठवण येते.

"मावशी, नाव खोडू देऊ नका."

"का रे?"

"एक दिवस दांडी मारली की पुढच्या सिनेमाला घेत नाहीत. म्हणून आपली पोरं एकमेकांचे नंबर लावून, एकमेकांच्या सह्या करून उभी राहतात. मुकादमाला डोकी भरली की झालं. बासू रविवारीच नाडोरला गेला. म्हणाला, मी पलीकडे पोचेपर्यंत आईला कळू देऊ नकोस."

हद्दूकाकांनी पेला खाली ठेवला.

इज्जा उठून टीव्हीजवळ गेली. एकेचाळीसवर तिने बोट टेकवलं.

"मी बासू म्हणून हाक मारली आणि हा वळला. तू होतास तर वळलास कशाला?"

मोहाने पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं.

"वळलो नसतो तर तुम्हाला तेव्हाच कळलं असतं."