वगळलेली नऊ तारीख

"सहानंतर थेट सतरा." गणकाने भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "मधले दहा दिवस वगळायचे. येत्या महिन्यातच."

थोरल्या साहेबांच्या भुवया वर गेल्या. तारखा सूर्याच्या मागे पडल्यात, हे कालगणना कचेरीला तीन पिढ्या माहीत होतं. नदीपलीकडच्या राज्याने आपल्या तारखा कधीच दुरुस्त करून घेतल्या होत्या. पूल ओलांडला की माणूस दहा दिवसांनी म्हातारा होतो आणि परत आला की पुन्हा तरुण, हा विनोद कचेरीत रोज कुणीतरी करायचंच. दुरुस्ती आपल्यालाही करायची होती, पण एवढी घाई?

"थंडीत करू की. बाजार मंद असतो तेव्हा," साहेब म्हणाले.

"चूक ती चूक, साहेब. आजची उद्यावर कशाला ढकलायची?"

बोलणं बिनतोड होतं. बोलताना त्याचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. दांडी सैल झाली होती.

ती आवळून घ्यायलाच तो गेल्या आठवड्यात पुलाजवळच्या दुकानात गेला होता. चष्मेवाला पलीकडचा, इकडे नुसता धंद्याला यायचा. आत पडद्यामागून गणकाला ओळखीचा आवाज आला. त्याच्या बायकोचा.

"नऊ तारखेला येते. नक्की."

आणि मग ती हसली. घरी ती अशी हसल्याचं त्याला आठवेना. दांडी तशीच ठेवून तो मागे फिरला.

दर महिन्याच्या नऊ तारखेला गणक टेकडीवर सूर्याची उंची मोजायला जायचा आणि मुक्काम तिकडेच करायचा. बाईसाहेबांनी दिवस बरोबर हेरला होता! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. काय होतं त्या चष्मेवाल्याकडे? काच पुसायची ऐट आणि डोकंभर केस. गणकाच्या डोक्यावर केस नव्हते आणि बायकोला हसवायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. पण महिन्यातून तारीख उचलून फेकणं चष्मेवाल्याच्या बापाला जमलं नसतं. गणकाला जमत होतं.

साहेबांनी शेवटी मान डोलावली. "हा महिना एकतीस दिवसांचा आहे, तेव्हा तीस तारखेला राजमंडळापुढे मांडा. शिक्का मिळाला की झालं."

बाहेर कारकुनाने त्याचे हातच धरले. "आठ तारखेला माझी सासू येणार होती हो. देव तुमचं भलं करो!"

संध्याकाळी जेवताना गणकाने मुद्दामच विषय काढला. "पुढच्या महिन्यात दहा दिवस गाळणार आहेत. आता दोन्ही काठांवर एकच तारीख."

"बरं झालं. घोळ मिटेल," बायको म्हणाली.

"नऊ तारीख यायचीच नाही मग."

"जाऊ दे की."

तो तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला. पापणीही लवली नाही. पक्की आहे, त्याने मनात म्हटलं आणि त्याचा घास घशात अडकला. पाण्याचा पेला तिनेच पुढे केला.

"तीस तारखेला तुम्हाला उशीर होईल?" तिने विचारलं.

"दिवसभर बैठक आहे. का?"

"काही नाही. डबा जास्त द्यायला हवा."

तीस तारखेला तिने डबा खरंच भरून दिला. दाराशी क्षणभर थांबली आणि त्याच्या नाकावरचा चष्मा नीट वर सरकवून दिला. असं तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. गणक विरघळला. आपली बायको आपलीच राहणार, असं त्याला मनापासून वाटलं. त्या भरात तो मंडळापुढे असा काही बोलला, की एरवी वर्षभर घोळ घालणाऱ्यांनी दुपारीच शिक्का मारून दिला.

दिवे लागायच्या आत तो घरी पोचला. दाराला कुलूप होतं. शेजारच्या मावशी पायरीवर बसून लोकर विणत होत्या. त्यांनी किल्ली पुढे केली.

"कुठे गेलीये ही?"

"सकाळीच गेली. तुम्ही वळण ओलांडलंत आणि ही ट्रंक घेऊन निघाली. पुलावरून पलीकडे. यायची नाही म्हणाली."

"आज कशी जाईल?" गणक ओरडला. "आज तर तीस तारीख आहे!"

"मीही हटकलं तिला, अगं, अशी अचानक कशी?" मावशींनी सुया खाली ठेवल्या. "तर म्हणते, अचानक कुठे मावशी, पलीकडे आज नऊ तारीख आहे."