घरात अन्न न्हाई

रेशनच्या दुकानात आजही मिलोच होती, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तांदळाचं नाव नाही. दानम्मा रिकामी पिशवी घेऊन चाळीत परतली तेव्हा दहा वाजले होते. बारापर्यंत मैंदर्गीच्या एस.टी.नं तिचे वडील, गुरप्पा, येणार होते. ज्वारीचा डबा भरलेला होता, डाळ होती, शेंगदाण्याची चटणी कालच कुटली होती. पण अप्पा जेवायला बसलेत आणि पानात पिवळा फोडणीचा भात नाही, असं त्यांच्या घरी कधी घडलं नव्हतं. त्या भाताला ते कानडीत चित्रान्न म्हणत.

आणि आजचं जेवण तर या घरातलं शेवटचंच होतं. तिनंच अप्पांना कार्ड टाकलं होतं, मला न्यायला या म्हणून. लग्नाला दोन महिने झाले होते. नवरा, विरुपाक्ष, गरीब स्वभावाचा. पण सकाळी गिरणीत जायचा आणि आला की आडवा व्हायचा. चाळीतल्या बायका मराठीत धडाधडा बोलायच्या. पहिल्याच आठवड्यात नळावर दानम्मा ‘माझा घागर भरला’ म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप. दोन महिने न बोलता काढून बघावेत म्हणजे कळतं.

आता जायचंच तर लाज कसली, असं म्हणून तिनं शेजारच्या मथुराबाईंच्या दाराची कडी वाजवली. मथुराबाई मूळच्या मोहोळच्या, आवाज चाळभर ऐकू जाणारा. दानम्मानं रस्ताभर जुळवत आणलेलं मराठी एका दमात म्हणून टाकलं.

"मावशी, घरात अन्न न्हाई. वडील येनार."

कानडीत अन्न म्हणजे भात. मोहोळात अन्न म्हणजे अन्न. झाला की ध चा मा.

मथुराबाईंच्या हातातली केरसुणी तशीच राहिली. "कवापासनं न्हाई?"

"पंधरा दिवस."

मथुराबाईंनी केरसुणी कोपऱ्यात टाकली. "तू घरला जा, पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी बघती."

दानम्मा हरखली. घरी येऊन तिनं भाताचं आधण ठेवलं, मिरच्या मोडल्या, कढीपत्ता धुतला, लिंबू चिरलं. तेवढ्यात दारात चाळीतली मायाक्का आली. तिच्या हातात पाच भाकरी होत्या. मागोमाग सोनाबाई पिठल्याचं पातेलं घेऊन आली. मग कुणी वांग्याची भाजी, कुणी ताक, कुणी डाळीची आमटी. दुष्काळाचं वर्ष, कुणाच्याच घरात ओतू जात नव्हतं. तरी नऊ भांडी झाली. तांदळाचा मात्र एक दाणा नाही. जी ती दानम्माच्या पाठीवरून हात फिरवत होती. पाहुणा आला की इथे असंच करत असतील, असं तिला वाटलं. आधण उकळून उकळून निम्मं झालं.

याच गर्दीत गुरप्पा दारात उभे राहिले. मथुराबाईंनी पदर सारखा केला आणि तोंड सोडलं.

"बाप म्हनवता व्हय? पंधरा दिस झालं, पोरीच्या घरात अन्न न्हाई. आन् तुमी आज येताय?"

गुरप्पांचा चेहरा उतरला. ते तसेच आत गेले आणि त्यांनी ज्वारीचा डबा उघडला. चटणी पाहिली, डाळ पाहिली. मग चुलीवरचं नुसतंच उकळणारं आधण पाहिलं. जन्म मैंदर्गीच्या बाजारात गेलेला, दोन्ही भाषा पाण्यासारख्या. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते भिंतीला टेकून हसत सुटले.

"बाई, आमच्यात अन्न म्हंजे भात," डोळे पुसत ते म्हणाले. "तांदूळ न्हाईत म्हनत हुती ती."

दानम्माचे कान लाल झाले. आता पुन्हा नळावरचं हसणं, असं तिच्या मनात आलं. बायका हसल्याच, पोट धरून हसल्या. पण मथुराबाई हसता हसता तिचा हात धरूनच होत्या. "मग भात म्हनायचं की गं. जीव घाबरा केलास माझा." आणि सगळ्या पांगल्या.

परत आल्या त्या पदरात मूठमूठ तांदूळ घेऊन. सणासाठी राखलेला कुणाचा बारीक, कुणाचा जाडा, कुणाची नुसती कणी. दानम्मानं सगळा एकत्र धुतला. भात कुठे मऊ, कुठे फडफडीत झाला. तिनं तो परातीत मोकळा केला. तेलात मोहरी तडतडली, शेंगदाणे खमंग झाले, मिरच्या आणि कढीपत्ता पडला, शेवटी हळद. फोडणी भातावर ओतून, मीठ-लिंबू घालून तिनं हातानं कालवलं. सगळा भात एका रंगाचा झाला. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. इतकी माणसं आपली आहेत हे तिला दोन महिने माहीतच नव्हतं.

गुरप्पा पोटभर जेवले. हात धुऊन त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कानडीत विचारलं, "कार्ड मिळालं. चारची गाडी आहे. निघायचं ना?"

दानम्मा नऊ भांडी घासून, पुसून ओळीनं मांडत होती. एकेकात ती पिवळा भात भरू लागली.

"अप्पा, ही भांडी परत द्यायचीत."

"मग देऊन ये. मी थांबतो."

"रिकामी देता येत नाहीत, भरूनच द्यायची. आणि भरून दिली की त्या पुन्हा भरून धाडणार." तिनं पुढचं भांडं ओढलं. "तुम्ही जा अप्पा. हे काही आता संपत नाही."