पंचवीस मिलिमीटर
नव्या रणगाड्याचा लाकडी नमुना उभा होता आणि मेजरसाहेबांची टाच फरशीवर एकसारखी वाजत होती. टोकियोहून समिती तासाभरात येणार होती, आणि समोरच्या चिलखताची फळी आराखड्यापेक्षा जाड निघाली होती. "पंचवीस मिलिमीटरच्या जागी तीस? कुणी केलं हे?" ते ओरडले. म्हातारा सुगिमोरी मिस्त्री कमरेत वाकला. "चुकलंच, साहेब. आम्ही जुन्या सुतारी मापाची माणसं. ही मिलिमीटरं डोक्यात शिरत नाहीत." तो खोटं बोलत होता. आराखडा माझा होता, आणि बाकीची एकही फळी केसभरसुद्धा चुकलेली नव्हती. मेजर माझ्याकडे वळले. "कामेदा, तू सांग. चालेल एवढी जाड?" मी फळीच्या कडेला पट्टी लावून पाहिली. "नाही. गाडी जड होईल. जहाजाची क्रेन ती उचलणार नाही." "मग तासा की! बघत काय बसलाय?" म्हणत ते फाटकाकडे धावले. "मिस्त्री, लवकर उरका," मी म्हणालो. त्याने रंधा उचलला, अंगठ्याने धार पाहिली आणि तो माझ्याच हातात ठेवला. "माझा पोरगा रणगाडा चालवतो, साहेब. त्याची बसायची जागा बरोबर ह्या फळीमागं. माप तुमचं आहे, तुम्हीच तासा." आमचा जपानी रंधा पुढे ढकलायचा नसतो, अंगाकडे ओढायचा असतो. मी ओढला. पहिली पातळ ढलपी वळत वळत थेट माझ्या छातीशी आली.